अमरीश पुरींनी काढलेलं काळीज

सेन्सॉर बोर्डाने कुठल्या सिनेमावर कात्री चालवली की घरच्या ग्रुपवर माझा मावसभाऊ हमखास लिहितो, "तुमच्याकडे बरंय, सेन्सॉरच नाही." मी न्यू जर्सीत बसून उत्तर टाईप करतो आणि पुसतो.

इथे अमेरिकेतही राज्याराज्यांची सेन्सॉर बोर्डं होती. सिनेमा हा निव्वळ धंदा, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने 1915 मध्ये सांगितलं. ते फिरायला 1952 उजाडलं. (त्याच वर्षी आपला सिनेमॅटोग्राफ कायदा आला!) सरकारची कटकट नको म्हणून स्टुडिओंनी मधल्या काळात स्वतःच्याच गळ्यात दावं बांधून घेतलं. 1934 पासून स्टुडिओंनीच नेमलेल्या जोसेफ ब्रीन यांचं ऑफिस पटकथा आधीच तपासायचं. त्यांच्या शिक्क्याविना सिनेमा लावला तर दंड 25,000 डॉलर. गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवायचे नाहीत, हाही नियमच. यातल्या एकाही कागदावर मंत्र्याची सही नव्हती.

1968 मध्ये शिक्का जाऊन वयाप्रमाणे रेटिंग आलं. त्यातल्या 'पीजी-13'मागे (म्हणजे तेराच्या आतल्या पोरांबद्दल आईबापांना सावध करणारं रेटिंग) आपले अमरीश पुरी आहेत, हे इथल्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं. 1984 च्या 'टेम्पल ऑफ डूम' या इंडियाना जोन्सच्या हॉलिवूडपटात त्यांनी माणसाचं धडधडतं काळीज हाताने उपसलं आणि पोरांना घेऊन गेलेले आईबाप हादरले. त्याच उन्हाळ्यात नवं रेटिंग निघालं. भारताने या सिनेमाला शूटिंगची परवानगी नाकारली होती, म्हणून ते श्रीलंकेत झालं.

मागे एका 'आर' सिनेमाला मुलीला घेऊन गेलो, तर दारावरच्या मिसरूड फुटलेल्या पोराने तिचं वय विचारलं. सतराच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबरच आत जाणार. हा कायदा नव्हे, थिएटरवाल्यांनी पाळलेला नियम. खरी मेख त्याच्या वरच्या 'एनसी-17'मध्ये आहे, त्यात मुलांना मोठ्यांबरोबरही प्रवेश नाही. ते लागलं की अनेक थिएटरं सिनेमा घेत नाहीत, म्हणून निर्माता आपणहून कापाकापी करून 'आर' पदरात पाडून घेतो. ही कात्री बाजाराची, तिच्याविरुद्ध कोर्टात कोण जाणार? 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी कमलाकर सारंग निदान कोर्टात जाऊन जिंकले तरी.

भारत सरकारने नेमलेल्या श्याम बेनेगल समितीने 2016 मध्ये सुचवलं होतं, की आपल्या सेन्सॉर बोर्डाने कापाकापी सोडून फक्त प्रमाणपत्र द्यावं. मला ते मनापासून पटतं. पण मग मल्टिप्लेक्सवाले नि ओटीटीवाले काय काय कापायला लावतील, तेही मावसभावाने आत्ताच विचारून ठेवावं.