‘पाणी तर स्वच्छच झालं ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

झेब्रा आणि क्वाग्गा शिंपल्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “गुगलवरून उचललेला लेख. या शिंपल्यांनी ईरी सरोवराचं पाणी स्वच्छ केलं, ते दडवलं. नागपुरात बसून अमेरिकेची काळजी कशाला? आधी अंबाझरीतली जलपर्णी बघा.”

भाऊ, मतभेद असू द्या, मला ते हवेच असतात. पण ‘उचललेला’, ‘दडवलं’ हे शब्द चोराला लावतात. अनोळखी माणसाशी पहिल्याच वाक्यात असं बोलायची रीत आपल्याकडे कधीपासून आली? पाणी नितळ झाल्याचं लेखात आहे. फार खाली आलं, वर घ्यायला हवं होतं, एवढं मान्य.

पण नितळ म्हणजे निरोगी, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझे वडील ढिवर, म्हणजे मासेमार. भंडाऱ्याकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर त्यांची उमर गेली. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडण्याआधी ते तलावात शेणखत टाकायचे, पाणी हिरवट व्हावं म्हणून. पाण्याचा तळ दिसू लागला की त्यांचा चेहरा उतरायचा. माशांना खायला काही उरलं नाही, हे त्यांना कळायचं. कतला वाढतो तो त्या हिरव्या पाण्यातल्या बारीक जिवांवर. हे मला गुगलनं नाही शिकवलं.

अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत नेमकं तेच झालं. काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा झेब्रा शिंपला जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात ते) आला, १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडला. पाठोपाठ क्वाग्गा. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो, आणि तळावर त्यांचे थरच्या थर. गाळून काय काढतात? सरोवराचं अन्न. मिशिगन सरोवराच्या तळाशी डायपोरिया नावाचा कोळंबीसारखा इवलासा जीव भरपूर असायचा, तो जवळजवळ संपला आणि त्याच्यावर जगणारे व्हाइटफिश रोडावले. ह्युरॉनमध्ये एलवाइफ मासे कोसळले, मग त्यांना खाणारे चिनूक सॅमनही.

शिवाय हे शिंपले सगळंच गिळत नाहीत. मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी शेवाळ नकोसं वाटलं की बाहेर टाकतात, त्याच्याशी स्पर्धा करणारं चांगलं शेवाळ मात्र फस्त करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडोत सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं, ते याच मायक्रोसिस्टिसच्या विषामुळे. मूळ दोष शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसचा, हे मी जाणतो. पण विषारी शेवाळाला रान मोकळं करून देणाऱ्याला तुम्ही सफाई कामगार म्हणणार?

अंबाझरीच्या जलपर्णीवर मी लिहीनच. तीही बाहेरूनच आलेली आहे, एवढं तुम्ही बोलण्याआधी बघायला हवं होतं. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही. पुढच्या वेळी डायपोरियाबद्दल लिहा, टोलेडोबद्दल लिहा, मी रात्री जागून उत्तर देईन. माझ्या हेतूबद्दल लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.