रमचे 'पाच नियम' आणि त्यातली गफलत

'रम समजून पिणाऱ्यांसाठी पाच नियम' असा एक मेसेज बऱ्याच दिवसांपासून या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रम जितकी काळी तितकी जुनी आणि कडक, लेबलवरचा आकडा जितका मोठा तितका माल भारी, रम उसाची असल्यामुळे गोडच असते आणि मधासारखी उतरते तीच अस्सल, थंडी-सर्दीवर रमसारखा उतारा नाही, आणि चांगली रम नुसतीच प्यावी, मिसळायला पांढरी आहेच.

यातला एकही नियम जसाच्या तसा टिकत नाही. दोघांत थोडं तथ्य आहे, ते ओघात येईल. मूळ गफलत अशी की लिहिणाऱ्याने रमला स्कॉचची फूटपट्टी लावली आहे. स्कॉच एका देशात, एका कायद्याखाली बनते. रम डझनावारी देशांत बनते आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटाच्या रमला १९९६मध्ये फ्रान्सचा एओसी दर्जा, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारा कायदेशीर शिक्का, मिळाला. तिथे ऊस कुठल्या भागातला, रस कसा आंबवायचा, ऊर्ध्वपातन कसं करायचं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. व्हेनेझुएलात आपली रम म्हणून विकायची तर ती किमान २ वर्षं पिंपात राहिलेली लागते. बाकी कित्येक ठिकाणी उसापासून काढलेली असली की झालं. त्यामुळे दोन बाटल्यांवर तोच शब्द असला तरी त्याचा अर्थ तोच असेल असं नाही.

आता एकेक नियम बघू.

'काळी म्हणजे जुनी आणि कडक'

भट्टीतून निघणारी धार पाण्यासारखी नितळ असते, मग ती मळीची असो की उसाच्या रसाची. रंग नंतर येतो, आणि तो दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट ओकच्या पिंपाची: लाकडातले घटक वर्षानुवर्षं दारूत उतरत राहतात आणि ती सोनेरी, मग तांबूस तपकिरी होते. दुसरी वाट कॅरमेलची. तिला पाच मिनिटं पुरतात. दिव्यासमोर धरूनही आरपार दिसत नाही इतकी काळी रम पाहिली, तर तिचा रंग बहुतेक दुसऱ्या वाटेने आलाय असं खुशाल समजा. त्यात बेकायदा काही नाही. फक्त त्या रंगावरून वय काढायला जाऊ नये.

उलटंही होतं. पिंपात मुरलेली रम कोळशातून गाळली की रंग निघून जातो. फाकुंदो बाकार्दीने १८६२मध्ये क्युबातल्या सांतियागोत धंदा सुरू केला, तेव्हा कोळशाची गाळणी हा त्याच्या हलक्या, स्वच्छ रमचा एक महत्त्वाचा भाग होता. आजही गयानाची एल दोरादो ३ घ्या: तीन वर्षं पिंपात, तरी बाटलीत पांढरी.

कडकपणाचं तर विचारूच नका. जमैकाची रे अँड नेफ्यू ओव्हरप्रूफ (म्हणजे नेहमीपेक्षा बरीच जास्त कडक) पांढरी आहे, पिंपात न मुरवलेली आहे आणि ६३ टक्के मद्यार्काची आहे. बर्म्युडाची गॉस्लिंग्ज ब्लॅक सील काळी आहे आणि ४० टक्क्यांची आहे. म्हणजे पांढरीचा एक पेग काळीच्या दीड पेगाहून जास्त भरतो. कडकपणा रंगात शोधू नका, टक्क्यांचा आकडा प्रत्येक बाटलीवर छापलेला असतो.

आणि 'पांढरी' हा एक प्रकार आहे, हीच मुळात चुकीची समजूत. कॉलम स्टिल म्हणजे उंच खांबासारख्या भट्टीतून काढलेली हलकी पांढरी रम वासाला जवळजवळ कोरी असते. मार्टिनिकची पांढरी उसाच्या ताज्या रसाची. तिला हिरव्या गवताचा, थोडा मिरीसारखा वास येतो आणि ती बऱ्याचदा ५० टक्क्यांची असते. जमैकाची पांढरी हे तर तिसरंच प्रकरण. तिथल्या हॅम्पडेन भट्टीत बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. लाकडी टाक्यांत, हवेत आणि भिंतींवर वर्षानुवर्षं वस्तीला असलेल्या यीस्टवर मळी आंबू देतात. मागच्या खेपेला भट्टीच्या तळाशी उरलेलं आंबट पाणी, ज्याला तिथे डंडर म्हणतात, तेही कामी येतं. हलक्या रमचं आंबवण एक-दोन दिवसांत उरकतं. इथे ते आठवडा-दोन आठवडे चालतं आणि तेवढ्या वेळात जिवाणू आपलं काम करून घेतात. त्यांनी केलेली आम्लं आणि मद्यार्क मिळून एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, तयार होतात. शंभर लिटर शुद्ध मद्यार्कामागे किती ग्रॅम, असं ते मोजतात. हॅम्पडेनचा डीओके नावाचा सगळ्यात तीव्र प्रकार १५०० ते १६००च्या घरात जातो. ग्लास नाकाशी नेला की आधी अतिपिकलेलं केळं, मग अननस, आणि त्यामागोमाग नेलपॉलिश रिमूव्हर. हा प्रकार मुळात दुसऱ्या दारूत किंवा मिठाईत किंचित मिसळण्यासाठीच बनायचा. नुसता हुंगून पाहा, 'पांढरी म्हणजे फिकी' हे पुन्हा तोंडातून निघणार नाही.

'आकडा मोठा, माल भारी'

आधी हे ठरवायला हवं की आकडा कशाचा आहे. जमैकाच्या बाटलीवर १२ वर्षं लिहिलं असेल तर मिश्रणातली सगळ्यात कोवळी रम १२ वर्षांची. बाकीची त्याहून जुनी. सोलेरा पद्धतीत हिशेब वेगळा चालतो. पिंपांच्या उतरंडी असतात, शेवटच्या पिंपांतून थोडी रम काढायची आणि तेवढीच वरच्यांतून खाली भरायची. म्हणजे त्यात जुनी रम असते, पण किती असते ते आकडा सांगत नाही. ग्वातेमालाच्या झकापा २३चे उत्पादकच सांगतात की तिच्यात ६ ते २३ वर्षांच्या रम आहेत. मग २३ हा आकडा वाचून 'तेवीस वर्षं जुनी' म्हणणारा स्वतःच स्वतःला फसवतो. ती रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. जमैकाच्या १२शेजारी ठेवून ती दुप्पट जुनी समजू नये, एवढंच.

पिंप कुठे ठेवलं यावरही खूप अवलंबून आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. कॅरिबियनच्या उकाड्यात ६ टक्के किंवा त्याहून जास्त. ६ टक्क्यांनीच धरलं तरी १२ वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी उरतं आणि २० वर्षांनी तिसरा हिस्साही राहत नाही. उरतं ते दाट असतं, लाकूडही भरपूर प्यालेलं असतं. त्यामुळे उष्ण देशातली ८-१० वर्षांची रम थंड देशातल्या दुप्पट वयाच्या रमला सहज टक्कर देते. आणि एका टप्प्यानंतर वय हा गुण राहत नाही. जिभेवर कडवट, कोरडं, चहाच्या चोथ्यासारखं लाकूडच येत राहतं. माझा कल विचाराल तर कॅरिबियनमध्येच मुरलेली ८ ते १५ वर्षांची रम. त्यापुढची फुकट मिळाली तर नाही म्हणणार नाही.

'रम गोडच असते'

हा नियम सगळ्यात जास्त लोकांना पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. उसातली साखर यीस्ट खातं. जी थोडीफार उरते ती वाफेबरोबर वर चढत नाही, भट्टीच्या तळाशीच राहते. म्हणजे ताज्या रममध्ये साखर नसते. पिंपातून व्हॅनिलासारखा वास आणि गोडाचा भास येतो, पण तो भासच.

मग काही बाटल्या खरोखर गोड का लागतात? कारण साखर वरून घातलेली असते. जमैकाच्या नियमांत साखर घालायला मनाई आहे. बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर भट्टीने तर साखर न घालणं हा जाहीर मुद्दाच केला आहे. युरोपियन युनियनच्या २०१९च्या नियमाने रम म्हणून विकायची असेल तर लिटरमागे २० ग्रॅमची मर्यादा घातली. ६० मिलीच्या पेगात ही साखर १.२ ग्रॅम होते, म्हणजे तब्येतीच्या दृष्टीने किरकोळ. चवीच्या दृष्टीने मात्र किरकोळ नाही. तेवढ्या साखरेने कोवळ्या रमचे कंगोरे झाकले जातात, घशातली आग कमी लागते आणि पिणारा म्हणतो, 'वा, काय मुलायम आहे!' मेसेजवाल्याचं 'मधासारखी उतरते' हे बऱ्याचदा एवढंच असतं.

तपासायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. एका बशीत चमचाभर रम ओता आणि रात्रभर उघडी ठेवा. सकाळी बशीत फिकट डाग उरला असेल तर तो लाकडाचा. बोट ठेवल्यावर चिकटलं आणि उचलताना तार आली तर ती साखर. थोडं जास्त शास्त्रशुद्ध हवं असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजून मद्यार्क सांगणारी नळी, घ्या. साखरेने द्रव जड होतो, त्यामुळे हायड्रोमीटर मद्यार्क लेबलपेक्षा कमी दाखवतो. फरक जितका मोठा तितकी भेसळ, नव्हे, 'गोडवा' जास्त म्हणायचा.

गोड रम आवडणं हा गुन्हा नाही. जेवणानंतर एखादी गोड बाटली मलाही चालते. पण गोडीला अस्सलपणाचा पुरावा करून टाकलं की ज्यांनी काहीच मिसळलेलं नाही त्यांची रम नवख्याला 'कच्ची' वाटायला लागते, आणि तो ती कायमची सोडतो. स्पाइस्ड रमबद्दलही एवढं लक्षात असू द्या: व्हॅनिला आणि मसाल्यांचा वास तिच्यात मुद्दाम घातलेला असतो. युरोपात रमला किमान ३७.५ टक्के मद्यार्क लागतो. कॅप्टन मॉर्गनची मसालेदार बाटली तिथे ३५ टक्क्यांनी विकली जाते, आणि म्हणून तिला नुसतं 'रम' म्हणता येत नाही.

'सर्दीवर उतारा'

हे लवकर आटपू. मद्यार्काने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं आणि ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीर आतली उष्णता बाहेर टाकत असतं. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांवर पेग घेणं तर सरळ धोक्याचं. ब्रिटिश नौदल ३१ जुलै १९७०पर्यंत खलाशांना रोज रम देत होतं, हा पुरावा म्हणून पुढे करतात. ती पद्धत होती, उपचार नव्हता. ॲडमिरल व्हर्ननने १७४०मध्ये त्या रममध्ये पाणी घालायचा हुकूम काढला, तोसुद्धा खलाशी झिंगून पडत होते म्हणून.

'चांगली रम नुसतीच प्यावी'

इथे थोडं तथ्य आहे. कोलाने रमची नाजूक बाजू पार झाकली जाते. पिंपातून आलेली व्हॅनिला आणि कोलातली व्हॅनिला वेगळी ओळखू येत नाही. १५ वर्षांची बाटली त्यात ओतणं म्हणजे पैसे ओतणं. पण यावरून 'मिसळणं म्हणजे नासाडी' हा निष्कर्ष निघत नाही. व्हिक्टर बर्जरॉनने १९४४मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला माय ताय ही कॉकटेल बनवली ती रे अँड नेफ्यूच्या १७ वर्षं जुन्या रमवर. लिंबाचा रस, नारंगीची लिकर, बदामाचा पाक, सगळं मोजकं, कारण त्या रमची चव त्याला पुढे आणायची होती. मार्टिनिकमध्ये पांढऱ्या रमचं टी पंच असतं: लिंबाची एक चकती, किंचित उसाचा पाक, बाकी सगळी रमच.

पाण्याचा तर अजिबात संकोच नको. ६३ टक्क्यांची रम नुसती घेतली की जीभ बधिर होते आणि पुढचं काही कळत नाही. ३० मिलीत १५ मिली पाणी घाला, ती ४२ टक्क्यांवर येते आणि मद्यार्काच्या झणक्यामागे दडलेली फळं बाहेर पडतात. ग्लास नाकात खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू हुंगा.

मिसळण्यासाठी रम निवडताना मी वय बघत नाही, वास किती टिकेल ते बघतो. काळी, कॅरमेलची जोरदार रम जिंजर बिअरसमोर उभी राहते. हलकी पांढरी डाइकिरीत (रम, लिंबू आणि साखरेच्या कॉकटेलमध्ये) छान, पण एकटी थोडी मिळमिळीत लागते. मग ४५ मिली हलकी आणि १५ मिली जमैकाची ओव्हरप्रूफ घ्या, २५ मिली लिंबाचा रस, १५ मिली साखरेचा पाक. बर्फासोबत शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवा आणि गाळून लगेच प्या.