मॅशर भंगारात काढू नका

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: "मॅशर भंगारात द्या, पोटॅटो रायसर घ्या. मॅशरने बटाटा चिकट होतो, रायसरने कधीच होत नाही. बटाटा, भरीत, पुरण, सगळं एकाच यंत्रातून काढा." रायसर म्हणजे दोन लांब दांड्यांचं दाबयंत्र. भोकांच्या भांड्यात उकडलेला बटाटा घालून दाबला की खाली शेवेसारखा पडतो. वस्तू चांगली आहे. पण मेसेजमधलं निम्मं चूक आहे, आणि भरिताचं वाचून तर मला गप्प बसवेना.

आधी चिकटपणा. बटाटा शिजला की त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. आतला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. पेशी फुटल्या की तो बाहेर येतो आणि बटाट्याची खळ होते. रायसरमधून बटाटा एकदाच जातो, म्हणून पेशी कमी फुटतात, एवढं खरं. पण बटाटा गरम असताना मॅशरचे मोजके दाब देऊन हात थांबवला, तर त्यानेही खळ होत नाही. आपण बोलता बोलता घोटत राहतो, तिथे बिघडतं. रायसरमधून काढून पुढे पळीने घोटलात तर तोही चिकटणारच. मिक्सर मात्र बटाट्याला लावूच नका, पातं पेशी चिरडून टाकतं.

शिवाय गुळगुळीत हवाच कुणाला? बटाटेवड्याच्या भाजीत दाताखाली बारीक फोड यायला हवी. तिथे मॅशर, नाहीतर सरळ हात.

आता भरीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवं, मोठं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, सोलायचं आणि लाकडी बडजीत ठेचायचं. ठेचताना गराचे धागे तुटतात पण राहतात, रस तिथेच मुरतो, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. हेच वांगं रायसरमध्ये दाबा: आधी पाणी गळतं, मग बिया आणि पातळ गर, धागे वर अडकतात. खाली उरतं ते भरीत नव्हे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर ते ठेवायचं कसं? बडजी नसेल तर मॅशर चालतो, रायसर नाही.

रायसर खरा कामाला येतो तो उन्हाळ्यात, उपवासाच्या साबुदाणा-बटाट्याच्या चकल्यांना. एवढीशी गाठ राहिली तरी सोऱ्याच्या चकतीत अडकते, चकली मध्येच तुटते, आणि तापल्या गच्चीवर सोऱ्या उघडून काडीने भोक मोकळं करत बसावं लागतं. मी दोन उन्हाळे हे केलं आहे. पण रायसरमध्ये एका वेळी एखाद-दोन बटाटे मावतात. पाच किलोंना मनगट दुखून येतं.

राहिलं पुरण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पोळ्या करणाऱ्या घरात पुरणयंत्र असतंच, त्याच्या कामाला रायसर कशाला? उलट बटाटेच त्या पुरणयंत्रातून काढून पाहा, गरम असतानाच. गाठ राहत नाही, आणि चकल्यांचा घाणा भराभर उरकतो.