मोफत वकील फक्त गरिबांसाठी नाही

आपल्या न्यायव्यवस्थेवरच्या तुमच्या लेखात तालुका न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतची उतरंड छान समजावली आहे. पण 'गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळतो' एवढ्या एका ओळीवर मोफत कायदेशीर मदत संपवली, ते खटकलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले आरोपी यांना ही मदत मिळते. त्यांना उत्पन्नाची अट नाही. ती बाकीच्यांसाठी आहे.

हे माहीत नसल्याने माझ्या मावशीने पोटगीच्या दाव्यासाठी हातातल्या दोन पाटल्या मोडल्या. वर्षभर दर तारखेला सकाळची एसटी पकडायची, बोर्डावर नंबर बघायचा आणि पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर धरून बसायचं. त्याच व्हरांड्याच्या टोकाला तालुका विधी सेवा समितीची पाटी होती. साधा अर्ज केला असता तर वकील मिळाला असता. तिला कोणी सांगितलंच नाही, आणि मलाही तेव्हा कळत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

लोकअदालतीबद्दलही एक सांगायला हवं. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी कागद नीट वाचून घ्या, घाई करू नका.

कोणाला गरज असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे. लेखातही तो जरूर टाका.