खुलासा: माजी सैनिकाला दुसरी नोकरी नुसत्या नशिबाने लागत नाही

‘सैन्यातून बाहेर पडल्यावर चांगली नोकरी मिळणे हा निव्वळ नशिबाचा भाग,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. निवृत्तीच्या वेळी बाजारात मंदी असेल तर भल्याभल्यांचे अडते. अशा माणसाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

पण बरेच अर्ज बायोडेटातच अडकतात. ‘प्लाटूनचे नेतृत्व केले’ यातून भरती करणाऱ्याला काही कळत नाही. ‘३० जणांचे प्रशिक्षण, ड्यूट्या आणि साहित्याचा हिशेब सांभाळला’ हे लगेच कळते. आपल्या ट्रेडचे, म्हणजे सैन्यात करत असलेल्या कामाचे, नागरी प्रमाणपत्र सेवेत असतानाच, निदान वर्षभर आधी मिळवायला घ्या. उशीर झाला की मिळेल ते पद पत्करावे लागते. आणि ओळखीतून लागलेल्या नोकरीला लोक नशीब म्हणतात खरे, पण आधी बाहेर पडलेल्या सहकाऱ्यांशी संपर्क ठेवायलाही कष्ट पडतात.