पंचबोलातले २० हजार

परवा रात्री साताऱ्याहून मावशीचा मेसेज आला. "अरे, मागच्या वर्षी तू आम्हाला फिरायला नेलंस ते हेच ना गाव? आधी का नाही सांगितलंस?" सोबत चार मिनिटांचा व्हिडिओ. मागे भुताच्या सिनेमासारखं संगीत आणि मराठीत बोलणारा एक खर्जातला आवाज.

त्याचं म्हणणं असं. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावात तिथल्या यादवी युद्धाच्या वेळी उत्तरेच्या सैन्याने, म्हणजे गुलामांना सोडवायला आलेल्याच सैन्याने, 'डेव्हिल्स पंचबोल' नावाच्या घळीत भिंत घालून २० हजार मुक्त गुलाम कोंडले आणि वर्षभरात मारले. तिथल्या पीचच्या झाडांची फळं आजही कुणी खात नाही. हा इतिहास दडपला गेला. आणि जाता जाता: त्यापेक्षा मालकांकडे ते सुखात होते, घरच्यासारखे. इंग्रजीत हे कित्येक वर्षं फिरतंय. आता मराठीत उतरून आमच्या घरच्या ग्रुपवर आलंय, म्हणून बसलो लिहायला.

आधी तो आकडा. १८६० च्या जनगणनेत नॅचेझची वस्ती साडेसहा हजारांच्या आसपास होती. आपल्याकडे तालुक्याचं गाव असतं, तेवढं. ते ज्या ॲडम्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे, त्या अख्ख्या काउंटीत गुलाम होते १४ हजारांच्या थोडे वर. म्हणजे एकूण एक गुलाम, तान्ह्या पोरासकट, त्या घळीत ढकलला तरी २० हजार भरत नाहीत! कुणी म्हणेल, नदीपलीकडच्या लुइझियानातूनही लोक आले असतील. आलेच होते. मग सुटून आलेल्यांच्या छावणीत प्रत्यक्ष किती होते ते बघू. सेंट लुईसच्या वेस्टर्न सॅनिटरी कमिशन या मदत संस्थेचा अध्यक्ष जेम्स यीटमन १८६३ च्या अखेरीस या छावण्या बघत फिरला. नॅचेझबद्दल त्याने लिहिलंय की तिथे एके काळी ४ हजार लोक होते, तो गेला तेव्हा २,१०० उरले होते. काही मेले, काहींना मळ्यांवर कामाला धाडलं गेलं. ४ हजारांतून २० हजार कसे मारायचे, हे त्या खर्जातल्या आवाजाने एकदा समजावून सांगावं.

आता जे खरं आहे ते कबूल करायला हवं, आणि ते काही थोडं नाही. १३ जुलै १८६३ ला सैन्य गावात शिरलं आणि आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम गाठोडी घेऊन निघाले ते थेट नॅचेझला. टेकडीखाली नदीकाठी त्यांची छावणी पडली. निवारा धड नाही, अन्न अपुरं, वर देवी आणि इतर साथी. एकाच दिवसात ७५ माणसं मेल्याची नोंद यीटमनकडेच आहे. हाल सोसवेनात म्हणून काहीजण जुन्या मालकाकडे परत गेले, हेही त्यानेच लिहिलंय. पुढच्या वर्षी तर गोऱ्या माणसाकडे नोकरी नसलेल्या काळ्यांना शहराबाहेर काढायचा हुकूम सैन्याच्याच आरोग्य अधिकाऱ्याने काढला. बेपर्वाई, कोडगेपणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण रोगाने मेलेल्यांना मारून टाकलेले २० हजार करायचं, म्हणजे त्या मेलेल्यांचीही थट्टाच.

पीचबद्दल काय बोलणार? पिंपळावर मुंजा असतो, तसंच ते. पुढे जाऊ.

'घरच्यासारखे' या शब्दावर मात्र माझं डोकं फिरलं. याच नॅचेझमध्ये १७८८ साली अब्दुल रहमान इब्राहिमा नावाचा तरुण विकला गेला. पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा जालोनच्या सत्ताधीशाचा मुलगा, अरबी लिहिणारा-वाचणारा. थॉमस फॉस्टरने त्याला कापसाच्या मळ्यावर जुंपलं. १८०७ मध्ये तो भाजी विकत असताना कॉक्स नावाच्या आयरिश डॉक्टरने त्याला ओळखलं. या डॉक्टरला आफ्रिकेत आजारपणात इब्राहिमाच्या वडिलांनी आसरा दिला होता! डॉक्टर पैसे घेऊन फॉस्टरकडे गेला. फॉस्टर नाही म्हणाला. इब्राहिमा सुटला तो थेट १८२८ मध्ये, तेही प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं तेव्हा. चाळीस वर्षं. मुलं-नातवंडं मागेच अडकलेली. त्यांना सोडवायला तो उत्तरेच्या शहरांतून वर्गणी मागत हिंडला आणि पुढच्याच वर्षी लायबेरियात मेला. घरच्याला असं वागवतात?

राहिलं 'दडपलेला इतिहास'. नॅचेझच्या वेशीवर फोर्क्स ऑफ द रोड नावाचा गुलामांचा बाजार होता. अमेरिकेच्या त्या दक्षिण टोकाला न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोठा. १८६३ मध्ये सैन्यात भरती झालेल्या काळ्या शिपायांनी, ज्यांतले कित्येक कालपर्यंत गुलाम होते, तिथले कोंडवाडे पाडले आणि त्याच लाकडाच्या बराकी बांधल्या. व्हिडिओत याचा एक शब्द नाही. का असेल? तिथे मेलेले नव्हेत, उभे राहिलेले गुलाम दिसतात, म्हणून?

ही जागा आज नॅशनल पार्कच्या ताब्यात आहे, माहितीचे फलक आहेत, जमिनीत सिमेंटमध्ये बेड्या बसवल्यात. मावशी, तू त्या बेड्यांकडे बोट दाखवून "हे काय रे?" म्हणून विचारलं होतंस. तुझा तिथला फोटो याच ग्रुपवर आहे. जरा वर जाऊन बघ.