तुम्हाला अजून अनुभव आला नाही?

वास्तुशांतीचं जेवण झालेलं असतं. मसालेभाताची सुस्ती चढत असते, विड्यांचं तबक फिरत असतं आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावरच्या काकू एकदम आवाज खाली आणतात. "तुम्हाला म्हणून सांगते हो, एरवी मी कुणाकडे बोलत नाही." एवढं कानावर आलं की पुढची पंचवीस मिनिटं गेली म्हणून समजा. काकूंना महाराजांचा अनुभव आलेला असतो. त्यांचा सांगून होतो न होतो तोच शेजारच्या काकांना त्याहून मोठा आलेला असतो. पाळी फिरत फिरत तुमच्यापाशी येते, सगळे तुमच्याकडे बघतात, आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं असतं काय, तर मागच्या महिन्यात गीझर बिघडला होता.

वाईट वाटून घेऊ नका. अनुभव आपोआप यायची वाट बघत बसणारे भोळे असतात. तो आणायचा असतो. मी गेली वीसेक वर्षं या क्षेत्रात श्रोता म्हणून उमेदवारी केली आहे, तेव्हा माझं ऐका.

आधी जागा निवडा. सध्या नर्मदेला तोड नाही. परिक्रमा पायी करायची तर रूढ हिशेबाने ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. एवढी रजा शिल्लक नसेल तर बसनेही उरकते आणि अनुभव काही कमी मिळत नाहीत. त्यातला मानाचा अनुभव म्हणजे अश्वत्थामा. नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो फिरतो, वाटसरूकडे तेल मागतो आणि दिसेनासा होतो. आता जरा पंचाईत अशी की त्या झाडीतला बराच मुलूख सरदार सरोवराने गिळला. नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं आणि देवाला गुजरातेतल्या गोरा गावच्या नव्या देवळात जावं लागलं. मणिबेलीच्या माणसांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. अश्वत्थाम्याचं नाव मात्र प्रकल्पग्रस्तांच्या एकाही यादीत नाही. तरी बिचाऱ्याची तक्रार नाही, अजून वेळच्या वेळी हजर होतो.

तिथे एक पथ्य कसोशीने पाळायचं. दुपारची उन्हं टळटळीत, पाय सोललेले, पाणी संपलेलं, आणि अशात एखादी पावरा आदिवासी बाई झोपडीतून येऊन ज्वारीची भाकरी हातावर ठेवते. तिला नाव विचारू नका. नाव विचारलं की ती कुणाची तरी सून होते, घरात दाणे किती उरलेत ते कळतं, धाकट्याला ताप आहे हेही कळतं, आणि एवढा चांगला अनुभव वाया जातो. नाव न विचारता पुढे निघालात तर ती साक्षात नर्मदा मैया. शिवाय मैयाला पैसे द्यावे लागत नाहीत.

हीच युक्ती गावात, शहरात कुठेही चालते. रात्री अकराला घाटात गाडी बंद पडली, कुणी तरी मोटारसायकल थांबवली, बॅटरीची वायर घट्ट करून दिली आणि निघून गेला. तुम्ही वळून बघितलंत तर रस्ता मोकळा. मोटारसायकलवाला काम झाल्यावर रस्त्यात उभा राहून काय करणार, असं मनात येईल. येऊ देऊ नका. "वळून बघतो तर कोणी नाही!" हे वाक्य या सगळ्या शास्त्राचा कणा आहे. स्वारगेटला मी दहा-बारा रिक्षावाल्यांना विचारलं आणि वळून बघितलं तर एकही नव्हता, पण ते सांगितलं की लोक हसतात. दाढी पांढरी लागते. तो मोटारसायकलवाला त्या रात्री कुठून येत होता, घरी कोण वाट बघत होतं, हा त्याचा प्रश्न. त्याला पाठवलं होतं तुमच्यासाठी, एवढंच आपण लक्षात ठेवायचं.

प्रवास झेपत नसेल तर घरबसल्याही सोय आहे. सात दिवसांचं पारायण लावा, पहाटे तीनला उठा, एकभुक्त राहा. पाचव्या दिवशी काही दिसलं नाही तर मला विचारा. सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक अनुभव वासाचा. तो कुणाला दाखवावा लागत नाही आणि थोड्या वेळाने जातोही. फक्त महाराज कोणते ते बघून वास निवडा. शेगावचे असतील तर चिलमीचा, शिर्डीचे असतील तर उदीचा. खालच्या मजल्यावर धूप लावतात का याची चौकशी आधी करू नये, नंतर तर मुळीच करू नये.

आता सांगण्याची भाषा. यात नवखे हमखास मार खातात. "मला वाटलं" असं चुकूनही म्हणायचं नाही. वाटण्यात काय, कुणालाही काहीही वाटतं. "आलं", "झालं", "करवून घेतलं" ही आपली क्रियापदं. तुम्ही पारायण करत नाही, ते तुमच्याकडून करवून घेतलं जातं. तुम्ही गाणगापूरला जात नाही, तुम्हाला बोलावणं येतं. हा बोलावण्याचा शब्द ज्याने शोधला त्याच्या पाया पडावं. तिकीट कन्फर्म झालं, बोलावणं होतं. वेटिंगवर राहिलं, बोलावणं नव्हतं. वेटिंगवर राहून टीसीच्या कृपेने बर्थ मिळाला, तर महाराजांनी परीक्षा बघितली. चौथी शक्यताच रेल्वेने ठेवलेली नाही. गाडी कशीही जावो, तुमचा अनुभव वेळेवर पोचतो.

घरात एखादा शिकलेला भाचा असतोच. तो म्हणेल, मामा, हे मेंदूत होतं. त्याला आधी साखरेचा दाखला द्या: "साखरेची गोडी सांगून कळते का? खाऊनच बघावी लागते." त्यावर तो म्हणेल, साखर रक्तातसुद्धा मोजता येते, तुमची मागच्या वेळी २४० होती. अशा मुलांशी वाद घालू नये. उलट त्यांचंच विज्ञान वापरावं. कॅनडात सडबरीला मायकेल पर्सिंगर म्हणून एक प्राध्यापक होते. त्यांनी बर्फावरच्या गाडीचं हेल्मेट घेतलं, त्यात विजेची वेटोळी बसवली आणि कानशिलांपाशी अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडलं. अंधाऱ्या, निवांत खोलीत ते घालून बसलेल्या पुष्कळांना आपल्याजवळ कोणी तरी आहे असं जाणवलं. झाली की सिद्धता! भाच्याला इथपर्यंतच सांगा. कारण पुढे स्वीडनमधल्या उपसालाच्या संशोधकांनी आगाऊपणा केला. चुंबक चालू आहे की बंद, हे हेल्मेट घालणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि घालणाऱ्यालाही... म्हणजे डोक्यावर चढवणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, अशी व्यवस्था करून त्यांनी तोच प्रयोग केला आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. अनुभव चुंबक चालू असतानाही येत होते आणि बंद असतानाही. कुणाला येतात हे ठरत होतं स्वभावावर. सुचवलेलं चटकन मनावर घेणाऱ्यांना ते जास्त येत होते. पर्सिंगर यांना हे पटलं नाही, त्यांनी तुमचं यंत्रच नीट लावलेलं नाही म्हणून सांगितलं. आपल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही. आपल्या कामाचं एवढंच की वीज न लावता काम होतं. थंडीच्या दिवसांत माकडटोपी घालून अंधारात पाऊण तास बसा. बिल शून्य.

एक चूक मात्र पुन्हा करायची नाही, ती म्हणजे अनुभव चारचौघांत वाटण्याची. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो? मी तेव्हा शाळेत होतो. वाटी-चमचा घेऊन गणपतीच्या देवळापुढच्या रांगेत दोन तास उभा होतो, आणि माझ्या हातून गणपती दूध प्यायला हे मी या डोळ्यांनी बघितलं. आजही शपथेवर सांगेन. चमचा रिकामा झाला होता, खोटं कशाला बोलू? पण झालं काय, की तो अनुभव ज्याच्या घरी चमचा आहे त्याला घेता येत होता. शास्त्रज्ञांच्या घरीही चमचे होते. त्यांनी दुधात रंग मिसळला, आणि दूध मूर्तीला टेकताच पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं जाऊन पातळ पापुद्र्यासारखं खाली ओघळताना सगळ्यांना दिसलं. माझं बघणं खरं होतं. "प्यायला" हा शब्द मी घरून नेला होता. तर सांगायचं काय, तुम्हाला जे दिसेल ते तुम्हाला एकट्यालाच दिसावं, रात्री दिसावं, आणि त्यात रंग मिसळता येऊ नये.

कायद्याचीही धास्ती बाळगू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला, त्यानंतर सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एका माणसाने त्यासाठी वर्षानुवर्षं पायपीट केली होती, तेव्हा घाई कुणाला नव्हती, असो. त्या कायद्यात चमत्कार दाखवून पैसे कमावले तर ६ महिने ते ७ वर्षं कैद आहे. पण होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायला पूर्ण मुभा आहे. म्हणून चमत्कार स्वतःच्या नावावर घेऊ नका. तो महाराजांनी केला, तुम्ही निमित्तमात्र. निमित्ताला लोक नमस्कार करतात, पुढच्या रांगेत खुर्ची देतात, प्रसादाची वाटी आधी देतात. यातलं काहीच गुन्ह्यात मोडत नाही.

अनुभव कुठे सांगावा? कुठेही. स्थळकाळाचा विधिनिषेध या शास्त्रात नाही. माझे आतोबा गेले तेव्हा तेराव्याला आत्याच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आल्या होत्या. दोघींच्या यजमानांना एकाच आठवड्यात हार्ट अटॅक आला होता, दोघे एकाच अतिदक्षता विभागात होते, दोघींनी एकच पोथी वाचायला घेतली होती. आत्याची तर तीन पारायणं झाली होती, त्यांची दोन. त्यांचे यजमान घरी आले. पंगत बसल्यावर बाईंनी आवाज खाली आणला. तिसऱ्या रात्री त्या काचेबाहेर बसल्या होत्या, आणि आत, यजमानांच्या पायथ्याशी, महाराज उभे दिसले. हात वर केलेला. सकाळपासून प्रकृतीला उतार. रात्रभर यजमानांशेजारी जागणारी केरळची नर्स या गोष्टीत नव्हती. नाव विचारलेलं नसणार. सगळं ऐकून झाल्यावर दोन-तीन जणींनी हात जोडले. आत्या वाढत होती. ती जिलब्यांचं ताट हातात तसंच धरून थांबली आणि म्हणाली, "शेजारच्या कॉटकडे बघितलं का हो त्यांनी?"

आतोबा शेजारच्या कॉटवर होते.

असा प्रश्न शंभरात एखादाच विचारतो, पण तयारी हवी. बाईंनी काय केलं ते नीट लक्षात ठेवा. त्यांनी सावकाश पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "जिलबी फार सुरेख झालीय हो. केटरर कोण?"